काळ्या गाडीची झिलई

काळा रंग आणि काळ्या रंगाची चकाकी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि वाहनांच्या रंगकामाचा इतिहास बऱ्याच अंशी या फरकाभोवती घडला आहे. पांढऱ्या किंवा पिवळ्या पृष्ठभागावर पडलेला प्रकाश रंगाच्या थरात शिरतो, तेथील कणांवर आपटून चहूकडे विखुरतो आणि परत येतो. काजळीच्या सूक्ष्म कणांनी बनलेला काळा थर मात्र आत शिरलेला जवळपास सगळा प्रकाश गिळून टाकतो, त्यामुळे पाहणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत जे पोचते ते सर्वांत वरच्या पारदर्शक पापुद्र्यावरून आरशासारखे परतलेले किरण असतात. समोरून पडलेल्या प्रकाशापैकी हा वाटा साधारण ४ टक्के एवढाच असतो. काळ्या गाडीत दिसणारे आकाश, झाडाची फांदी, समोरच्या इमारतीची खिडकी हे सारे या ४ टक्क्यांचे काम असते. त्या पापुद्र्यावर धुळीचा कण बसला, पाण्याचा थेंब सुकून क्षाराचे कडे उमटले किंवा केसाहून बारीक चरा पडला, की तेवढ्या जागेवरून प्रकाश वेडावाकडा फुटतो आणि मागे उजळ रंग नसल्यामुळे तो ठिपका किंवा ती रेघ ठळक दिसते. काळ्यावर डाग दिसत नाही हा सर्वत्र रुळलेला समज निस्तेज, मळकट काळ्यापुरताच खरा आहे; झिलईदार काळ्याइतका चहाडखोर रंग दुसरा नाही. तेव्हा ही सपाटी निर्माण कोणी करायची आणि ती राखण्याचे कष्ट कोणी उपसायचे, या प्रश्नाची वेगवेगळ्या काळांत निघालेली उत्तरे हाच या विषयाचा खरा इतिहास आहे.

युरोपला अशा काळ्याची ओढ पूर्वेकडून लागली. चीन आणि जपानमध्ये एका विशिष्ट झाडाला खाचा पाडून काढलेला चीक लाकडावर पातळ थरांत चढवत, प्रत्येक थर दमट हवेत घट्ट होऊ देत आणि घासून त्यावर पुढचा थर देत. जपानी भाषेत या चिकाला उरुशी म्हणतात. सतराव्या शतकात या पेट्या, तबके आणि कपाटे युरोपातील श्रीमंतांच्या घरी पोचली, पण तो चीक तिकडे सहजी नेता येत नसल्यामुळे तेथील कारागिरांनी हाती असलेल्या राळा आणि तेले वापरून त्याची नक्कल सुरू केली आणि त्या कामाला जपान या देशाचेच नाव पडले. १६८८ साली जॉन स्टॉकर आणि जॉर्ज पार्कर यांनी या नक्कलकामावर इंग्रजीत एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. या नकलेत भारतीय लाखेला महत्त्वाचे स्थान होते. लॅकर हा शब्दही पोर्तुगिजांच्या मार्फत संस्कृत लाक्षा या शब्दापर्यंत मागे नेता येतो. झाडांच्या डहाळ्यांवर राहणारे बारीक कीटक ही लाख तयार करतात आणि ती मद्यार्कात विरघळवून लाकडावर लावली की उत्तम तकाकी येते. घरातील सामानाला ती चालते. पावसात मात्र तिच्यावर पांढरट झाक चढते, आणि रस्त्यावर धावणाऱ्या वाहनासाठी ती कुचकामी ठरते.

घोडागाड्यांना म्हणून वेगळे रोगण लागले, आणि त्या रोगणाचा मुंबईशी जवळचा संबंध होता. मराठीत ज्याला चंद्रस म्हणतात ती राळ, म्हणजे कोपल, हा त्याचा प्राण होता. झांझिबार बेटासमोरच्या आफ्रिकी किनाऱ्यावर जुन्या, नष्ट झालेल्या झाडांची राळ जमिनीत गाडली जाऊन दगडासारखी कठीण झालेली सापडे आणि ती खणून काढली जाई. मातीतून काढून धुतल्यावर तिच्या अंगावर बारीक पुळ्यांसारखे उंचवटे दिसत आणि त्यावरून तिची जात ओळखली जाई. एकोणिसाव्या शतकात झांझिबारच्या व्यापारात कच्छी पेढ्यांचे मोठे वजन होते, आणि तेथून मुंबईमार्गे गेलेल्या मालाला युरोपच्या बाजारात मुंबईचा कोपल असेही म्हटले जाई, जरी त्याचे एकही झाड मुंबईत नव्हते. हा चंद्रस कढईत वितळवून त्यात तापवलेले जवसाचे तेल मिसळत, टर्पेंटाइनने तो पातळ करत आणि तयार झालेले रोगण टाक्यांत कित्येक महिने मुरू देत. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते, म्हणून हे रोगण सुकायलाही वेळ घेई. पण एकदा सुकले की ते पावसाला आणि चिखलाला दाद देत नसे.

चांगल्या घोडागाडीचे रंगकाम हे आठवड्यांचे, प्रसंगी महिन्यांचे काम असे. लाकडाच्या रंध्रांत आधी शिसेयुक्त सफेद्याचा अस्तर-हात, त्यावर खाचखळगे बुजवणारी लांबी, मग ज्वालामुखीतून निघणाऱ्या हलक्या, सच्छिद्र प्युमिस दगडाने पाणी घालून घासाई. त्यानंतर काजळीचा किंवा जाळलेल्या हाडांपासून केलेल्या काळ्याचा हात, आणि शेवटी रोगणाचे अनेक हात, ज्यांतील प्रत्येक हात सुकल्यावर प्युमिसच्या भुकटीने पुन्हा घासून सपाट केला जाई. सगळे हात मोजले तर वीसच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक भरत. शेवटचा हात मात्र घासला जात नसे. रुंद कुंचल्यातून उतरलेले रोगण आपल्या वजनाने पसरून जी सपाटी धरी तीच गाडीची चकाकी, आणि म्हणून रोगणाच्या खोलीत धूळ बसावी यासाठी जमिनीवर पाणी शिंपडून, दारे-खिडक्या लावून कुशल रंगारी एकटा काम करी. त्या काळच्या काळ्या झिलईची खोली आजही जुन्या गाड्यांच्या संग्रहालयांत पाहणाऱ्याला थबकवते, आणि ती यंत्राने आलेली नाही हे विसरता येत नाही.

एवढ्या खर्चाने मिळालेली चकाकी राखण्याचे नियमही तितकेच काटेकोर होते, आणि पुढील दीडशे वर्षांत रसायने बदलली तरी यांतील मूळ नियम फारसे बदलले नाहीत. चिखल गाडीवर सुकू द्यायचा नाही. सुकलाच तर तो पुसायचा नाही, भरपूर पाणी सोडून भिजवून वाहवून द्यायचा. चाकांचा स्पंज गाडीच्या अंगाला लावायचा नाही. शेवटचे पाणी मऊ कमावलेल्या चामड्याने टिपून घ्यायचे, म्हणजे थेंब सुकून डाग पडत नाहीत. आणि गाडी उन्हात धुवायची नाही. गाडीखाना तबेल्यापासून वेगळा असावा असाही आग्रह असे, कारण घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया वायू रोगणाला आंधळे करतो. ही कामे करणारा सेवक पहाटे उठून हात गारठवत ती करी, आणि मालकाच्या गाडीचा काळा रंग शहरात जी प्रतिष्ठा मिरवी तिच्यामागे त्याचे हात असत.

मोटारगाडी आली तेव्हा तिचे अंग घोडागाडीच्याच कारागिरांनी घडवले आणि रंगवले, त्यामुळे पहिली काही वर्षे जुनीच पद्धत चालू राहिली. ती मोडली ती उत्पादनाच्या वेगाने. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने १ ऑक्टोबर १९०८ रोजी मॉडेल टी ही गाडी बाजारात आणली, आणि पुढे सर्वतोमुखी झालेल्या आख्यायिकेच्या उलट आरंभीच्या वर्षांत ती लाल, करड्या, हिरव्या, निळ्या अशा रंगांत मिळे. १९१३ साली हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणी सुरू झाली आणि एक सांगाडा जुळवायला पूर्वी लागणारे साडेबारा तास पुढच्या वर्षी ९३ मिनिटांवर आले. अशा कारखान्याला आठवडेच्या आठवडे सुकणारे रोगण परवडणारे नव्हते. १९१४ पासून १९२५ पर्यंतच्या सर्व मॉडेल टी काळ्या निघाल्या, त्या काळ्याच्या मुळाशी एक खनिज डांबर होते. अमेरिकेतील युटा प्रांतात सापडणारे गिल्सोनाइट नावाचे ठिसूळ, चमकदार डांबर जवसाच्या तेलात आणि द्रावकात विरघळवून केलेल्या या रंगाला जपान ब्लॅक म्हणत. म्हणजे उरुशीच्या नकलेचे नाव आता लोखंडी पत्र्यावर येऊन बसले होते. मडगार्डांसारखे भाग या रंगाच्या हौदात बुडवून काढत, गाडीच्या अंगावर तो वरून ओतत, आणि मग तो भट्टीत भाजून कडक करत. काळा सर्वांत लवकर सुकतो म्हणून फोर्डने तो निवडला असे सरसकट सांगितले जाते, ते अपुरे आहे. एका गाडीच्या निरनिराळ्या भागांसाठी आणि निरनिराळ्या वर्षांत मिळून तीसहून अधिक प्रकारचे काळे रंग वापरले गेले आणि त्यांचे सुकण्याचे वेगही वेगवेगळे होते. डांबराचा काळा स्वस्त होता, टिकाऊ होता, पत्र्याला घट्ट धरून राही आणि पाणी आत शिरू देत नसे, हे कारण अधिक पटणारे आहे. डांबर मुळातच काळे असल्याने त्याचा फिका रंग करता येत नसे, हीही गोष्ट तेवढीच निर्णायक होती.

या काळ्याला घोडागाडीच्या रोगणाची खोली नव्हती, आणि तो विकत घेणाऱ्याने तिची अपेक्षाही केली नव्हती. अमेरिकी शेतकऱ्याच्या खळ्यात उभी राहणारी ती गाडी होती. तिच्या रंगाचे काम पत्रा गंजू न देणे एवढेच होते. प्रतिष्ठेचा काळा आणि सोयीचा काळा यांची फारकत येथे झाली, आणि पुढे मुंबईत तिचा पुन्हा प्रत्यय आला.

पहिल्या महायुद्धात ड्यूपाँ कंपनीने धूरविरहित दारूगोळ्यासाठी नायट्रोसेल्युलोज प्रचंड प्रमाणात तयार केले होते. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की हा पदार्थ मिळतो. तो द्रावकात विरघळवून रंगाचे माध्यम म्हणून वापरता येतो हे जुने ज्ञान होते, पण द्रावण फार दाट होई आणि पातळ केले तर थर बसत नसे. ही अडचण दूर झाल्यावर ड्युको या नावाने आलेला रंग जनरल मोटर्सने १९२४च्या निळ्या ओकलंड गाडीवर पहिल्यांदा वापरला. तो फवाऱ्याने मारता येई, द्रावक उडून गेला की काही मिनिटांत हाताळण्याजोगा होई, आणि रंगकामाचे आठवडे तासांवर आले. आता हवा तो रंग तितक्याच वेगाने मिळू लागला आणि काळ्याची सक्ती संपली. हे व्यापारी नाव भारतात इतके रुजले की महाराष्ट्रातील गॅरेजांत आणि फर्निचरच्या दुकानांत फवाऱ्याने मारलेल्या चकचकीत रंगाला आजही ड्युको म्हणतात, मग तो कोणत्याही कंपनीचा आणि कोणत्याही रसायनाचा असो.

ड्युकोने मालकाच्या माथी मात्र एक नवे काम आणले, आणि रंगकामाच्या इतिहासात त्याची दखल पुरेशी घेतली जात नाही. तेलाचे रोगण आपोआप पसरून चमके. फवाऱ्यातून उतरलेला ड्युको निस्तेज आणि खरबरीत असे आणि त्याला चकाकी आणण्यासाठी तो बारीक घर्षक लेपाने घासावा लागे. शिवाय उन्हात त्याचा वरचा थर हळूहळू भुकटी होई, म्हणजे काळी गाडी वर्षा-दोन वर्षांत राखी दिसू लागे आणि तो मेलेला थर खरवडून खालचा ताजा काळा वर आणावा लागे. घासल्यावर उघडा पडलेला रंग झाकायला मेण आले. शिकागोमध्ये १९१०च्या सुमारास सुरू झालेल्या सिमोनिझचे नाव इंग्रजीत चक्क क्रियापद बनले, खुद्द ड्यूपाँनेही ड्युकोसाठी पॉलिश विकायला काढले, आणि रविवारी सकाळी घरासमोर गाडी घासणारा गृहस्थ हे अमेरिकी उपनगरांचे नेहमीचे दृश्य झाले. या मेणांपैकी सर्वांत नावाजलेले कार्नौबा ब्राझीलच्या कोरड्या ईशान्य भागातील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर साचते. पानातील ओल उडू नये म्हणून झाडाने धरलेले ते कवच असते. पाने वाळवून, झोडपून काढलेले हे मेण ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे उन्हात तापलेल्या काळ्या पत्र्यावरही टिकून राहते. मेण चरे भरून काढते ते तात्पुरते. पाऊस, साबण आणि ऊन यांनी ते काही आठवड्यांत जाते आणि चरे जागच्या जागी पुन्हा दिसू लागतात.

मुंबईत मोटार-टॅक्सी १९११ साली आली आणि व्हिक्टोरिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घोडागाड्यांबरोबर रस्त्यावर धावू लागली. स्वातंत्र्यानंतर टॅक्सीला खालून काळा आणि वरून पिवळा असा जो वेश मिळाला, त्याचे श्रेय स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे खासदार झालेले विठ्ठल बाळकृष्ण गांधी यांना दिले जाते: पिवळे छत दुरून ओळखू यावे आणि खालच्या काळ्यावर डाग दिसू नयेत, अशी सूचना त्यांनी पंडित नेहरूंना केली होती असे सांगतात. ही हकीकत शब्दशः घडली असो वा नसो, तिच्यातील तर्क रस्त्यावरच्या गाडीसाठी अचूक होता. दिवसभर चिखल, धूर आणि गर्दीचे हात झेलणाऱ्या वाहनाकडून आरशाची अपेक्षा कोणी करत नाही, आणि झिलई उतरलेला काळा डाग खरोखरच पोटात घालतो.

तरीही या टॅक्सींचे मालक आणि चालक गाडी चमकवत असत, ही या इतिहासातील सर्वांत हृद्य गोष्ट आहे. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० वर आधारलेली जी गाडी तयार होई, तिला १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले आणि तीच मुंबईची टॅक्सी झाली. १९९०च्या दशकात शहरातील काळ्या-पिवळ्यांची संख्या साठ हजारांच्या घरात होती. समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि रात्री उघड्यावर उभे राहणे यांमुळे मडगार्डाच्या कडा, दाराचे तळ आणि पायरीखालचा पत्रा आतून गंजे, आणि वरचा काळा रंग पापडासारखा फुगून सुटे. परिवहन कार्यालयातील पासिंगच्या, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याच्या वार्षिक तपासणीच्या आधी गल्लीतल्या गॅरेजात गंज खरवडून, लांबी भरून, सिंथेटिक इनॅमलचा नवा हात मारला जाई. हे इनॅमल तेल आणि कृत्रिम राळ यांपासून बनते आणि सुकतानाच चमक धरते, म्हणून त्याला ड्युकोसारखी घासाई लागत नसे. पण एकावर एक बसलेले वर्षानुवर्षांचे हात आतल्या पत्र्याच्या घड्या हळूहळू बुजवून टाकत, आणि जुन्या टॅक्सीच्या अंगावर हात फिरवला तर पत्र्याऐवजी रंगाचाच जाड गुळगुळीतपणा जाणवे. दोन पासिंगांच्या मधल्या काळात चालक रॉकेलात भिजवलेला बोळा काळ्या अंगावरून फिरवी. रॉकेल धूळ उचले आणि मागे तेलकट ओल ठेवून काही तासांची तकाकी देई, जरी तीच ओल पुढची धूळ धरून ठेवी. पहाटे पहिले भाडे घेण्याआधी गाडी पुसायची, डॅशबोर्डवरच्या देवाला फूल वाहायचे, आणि दसऱ्याला ती धुऊन, झेंडूची माळ घालून तिची पूजा करायची, हा क्रम पाळणाऱ्यांसाठी काळ्या रंगाची चकाकी धंद्याच्या शुचितेचाच भाग होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात नोंदवली गेली होती, आणि वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण होऊन ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या गाडीचे टॅक्सीपण संपले.

दरम्यान खाजगी गाड्यांचा रंग पुन्हा घोडागाडीच्या तत्त्वाकडे वळला होता. १९७०च्या दशकात प्रथम चमचमत्या धातुरंगांसाठी आणि पुढच्या दशकात सर्रास, रंगाचा थर खाली आणि त्यावर रंगहीन पारदर्शक कवच अशी रचना रूढ झाली. या कवचाला क्लिअर कोट म्हणतात. ते जुन्या रोगणाचेच काम करते, पण उन्हाला कितीतरी अधिक तोंड देते, त्यामुळे काळी गाडी आता राखी पडत नाही. त्याची जाडी मात्र साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहून कमी असते, आणि चरे घालवण्यासाठी यंत्राने पॉलिश करताना प्रत्येक वेळी त्यातील मायक्रॉन-दोन मायक्रॉन कायमचे जातात. पूर्वी घासाईने मेलेला रंग निघे, आता जिवंत कवच झिजते. म्हणून चरे काढण्यापेक्षा ते पडूच न देण्याला महत्त्व आले. धुण्यासाठी एक आणि फडके खळबळण्यासाठी एक अशा दोन बादल्या वापरणे, आधी नुसते पाणी सोडून माती वाहवणे, चाकांसाठी वेगळे फडके ठेवणे, सावलीत धुणे, शेवटी पाणी टिपणे, ही आजची सारी पथ्ये व्हिक्टोरिया धुणाऱ्या सेवकाला ओळखीची वाटली असती. फक्त चामड्याच्या जागी केसाहून कितीतरी बारीक धाग्यांचे मायक्रोफायबर आले आहे, जे धूळ पृष्ठावरून ढकलत नेण्याऐवजी आपल्या लवेत ओढून घेते.

मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत हे काम आज महिन्याच्या बांधील रकमेवर गाडी धुणाऱ्या माणसाकडे आहे. पाण्याची टंचाई, मिळेल ते टँकरचे किंवा बोअरचे क्षारयुक्त पाणी, एक बादली, एक फडके आणि ऑफिसची वेळ होण्याआधी संपवायच्या ओळीने उभ्या गाड्या, अशा स्थितीत पहिल्या गाडीची रेती विसाव्या गाडीच्या क्लिअर कोटवर फिरते, आणि याचा दोष त्याच्या हातांना देणे अन्यायाचे आहे. तबेल्यातल्या सेवकाला निदान भरपूर पाणी आणि एकच गाडी मिळे. असे पडलेले चरे प्रत्यक्षात सर्व दिशांना गेलेले असतात. त्यांपैकी जे प्रकाशाच्या प्रतिबिंबाला वेढा घालतील अशा दिशेने असतात तेवढेच डोळ्याकडे उजेड परतवतात, म्हणून रात्री दिव्याखाली उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या टपावर त्या दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, आणि पाहणारा दोन पावले सरकला की तीही त्याच्याबरोबर सरकतात.